वस्तऱ्याचे टोक

उज्जैनला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना फ्रीगंजातला टावर चौक कोठे आहे हे सांगावे लागत नाही. मध्ये घड्याळाचा मनोरा, भोवती दुकानांची गर्दी, आणि दिवे लागले की खाण्याच्या गाड्यांभोवती जमणारी माणसे. या चौकाच्या परिसरातील एका केशकर्तनालयात काही दिवसांपूर्वी मी एक जुना वस्तरा घेऊन गेलो होतो. वस्तरा आमच्या आजोबांचा. घरातील जुनी पेटी आवरताना तो एका मऊ फडक्यात गुंडाळलेला सापडला. पाते अजून चांगले होते. परंतु त्याच्या पुढच्या टोकाशी, पाठीच्या बाजूस, नखाएवढी अर्धगोल खाच होती. ती पाहून पाते कोठेतरी आपटून तुटले असावे, असे मला वाटले.

दुकानातील तरुण कारागिराने वस्तरा उलटसुलट करून पाहिला आणि तोही म्हणाला, “काका, हा तर तुटलेला आहे.” तेव्हा मागच्या खुर्चीजवळ उभे असलेले एक वृद्ध कारागीर पुढे आले. त्यांनी पाते उजेडात धरले, धारेवर अंगठा आडवा, अगदी अलगद फिरवला आणि तरुणाला म्हणाले, “तुटलेला नाही रे. ही खाच मुद्दाम ठेवतात.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि साहेब, हा खालचा कोपरा पाहा. तुमच्या आजोबांनी तो घासून मोडून घेतला आहे. धार दाढीला लागते, कोपरा फक्त रक्ताला.”

त्या एका वाक्याने माझे कुतूहल जागे झाले. वस्तऱ्याची धार सर्वांना ठाऊक आहे. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या बिकट वाटेला उपमा दिली ती वस्तऱ्याच्या धारेचीच. पण टोकाकडे आपण सहसा पाहत नाही. वास्तविक दाढी करणाराचे कौशल्य जितके धारेत दिसते तितकेच टोकात दिसते. कारण धार कोठे चालावी हे हात ठरवतो, पण ती कोठे थांबावी हे पुष्कळ अंशी टोकाचा आकार ठरवतो. आज या टोकाविषयी, आणि त्याच्या शेजारच्या खाचांविषयी, चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

प्रथम वस्तऱ्याची रचना ध्यानात घेऊ. पात्याची जाड कड ती पाठ आणि पातळ कड ती धार. मुठीजवळच्या बाजूस आपण टाच म्हणू, आणि तिच्या उलट बाजूस, जेथे पाते संपते, तेथे टोक. टाचेच्या मागे पात्याचाच एक अरुंद दांडा असतो, त्यावर बोटे ठेवावयाची. आणि त्याच्याही पुढे बाकदार शेपटी, तिच्यावर करंगळी टेकते. मूठ दोन पट्ट्यांची असते आणि वस्तरा मिटला की पाते त्या पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसते. पात्याची रुंदी इंग्रजी व्यापाराच्या पद्धतीने इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचे पाते हे सर्वसाधारण माप समजले जाते. त्याहून रुंद पातीही पुष्कळ असतात.

आता टोक. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन ही दोन शहरे वस्तऱ्यांसाठी जगभर प्रसिद्ध झाली. तेथील व्यापारात टोकांचे निरनिराळे प्रकार रूढ झाले आणि त्यांना देशांची नावेही मिळाली. ही नावे सर्वत्र काटेकोरपणे एकाच अर्थाने वापरली जात नाहीत. म्हणून नावापेक्षा आकार ध्यानात ठेवणे बरे.

पहिला प्रकार चौकोनी टोकाचा. येथे पात्याची पुढची कड पाठीवरून सरळ खाली उतरते आणि धारेला काटकोनात मिळते. त्यामुळे तळाशी एक अणकुचीदार कोपरा तयार होतो. मिशीची कड रेखणे, कल्ल्याची रेघ सरळ ठेवणे, नाकपुडीच्या खालचे दोन-चार केस नेमके काढणे, कानामागच्या अरुंद जागेत जाणे, या कामांत या कोपऱ्याला तोड नाही. कारागिराला धार नेमकी कोठे संपते हे दिसते, आणि दिसते तेथेच ती संपते. परंतु हाच त्याचा धोकाही आहे.

दुसरा प्रकार गोल टोकाचा. यात पुढची कड अर्धवर्तुळासारखी वळते आणि धारेत हळूहळू मिसळून जाते. कोपरा म्हणून उरतच नाही. हात थोडा हलला, समोरच्या माणसाने मान वळवली, तरी टोक कातडीवरून घसरून जाते, आत शिरत नाही. नवशिक्यांच्या हाती म्हणूनच गोल टोकाचा वस्तरा द्यावा असा संकेत आहे. त्याचा दोष एवढाच की नाकाखाली आणि मिशीच्या कडेला तो पुरेसा नेमका चालत नाही.

तिसरा प्रकार फ्रेंच टोकाचा. पाठीवरून निघालेली कड बाहेरच्या अंगाने फुगीर वळण घेत खाली येते आणि धारेपाशी मात्र टोकदार राहते. वरचा भाग उतरता असल्यामुळे कारागिराला टोकापलीकडची कातडी दिसते, आणि खाली चौकोनी टोकाचा नेमकेपणाही मिळतो. याच्या उलट, पुढची कड आतल्या बाजूस कोरून घेतलेली असली तर त्या प्रकाराला स्पॅनिश टोक म्हणतात. शिवाय, टोक मुळात चौकोनी, पण कोपरा किंचित घासून बोथट केलेला, असाही एक मधला मार्ग आहे. माझ्या आजोबांनी तोच पत्करला होता.

कोपरा इतका का बोचतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पाते गालावर टेकलेले असते तेव्हा हाताचा भार धारेच्या सबंध लांबीवर वाटला जातो. कातडीच्या एका बिंदूवर फार थोडा भार पडतो, म्हणूनच इतकी तीक्ष्ण धार असूनही केस कापला जातो आणि कातडी शाबूत राहते. पाते थोडे कलले की तोच सर्व भार एका कोपऱ्यावर येतो. शिवाय गाल, हनुवटी, जबडा यांपैकी एकही जागा सपाट नाही. पाते उतारावरून जाताना मधला भाग अधांतरी राहतो आणि कोपरा तेवढा टेकतो. आणखी एक कारण असे, की दाढी करणाराचे लक्ष बहुधा धारेच्या मधल्या भागाकडे असते. टोक त्या वेळी कानाच्या पाळीजवळ पोहोचलेले असते.

वस्तऱ्याच्या टोकाचा हा विचार केवळ युरोपातला आहे असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेत वीस शस्त्रे सांगितली आहेत आणि त्यांतील कित्येकांची नावे त्यांच्या टोकांवरूनच पडली आहेत. ज्याचे अग्र वर्तुळाकार ते मंडलाग्र. ज्याचे मुख भाताच्या दाण्यासारखे ते व्रीहिमुख. वृद्धिपत्र नावाच्या शस्त्राविषयी वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे की त्याचा आकार क्षुराचा, म्हणजे वस्तऱ्याचा असावा. सूज उंचावलेली असेल तर सरळ टोकाचे वृद्धिपत्र वापरावे आणि ती खोल असेल तर त्याहून निराळ्या, वाकलेल्या टोकाचे. काम पाहून टोक निवडावे, हे तत्त्व यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी सांगावे! सुश्रुताने तर शस्त्र पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार स्थिर करण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. आपल्या नाभिकाच्या धोकटीतील निसणा आणि चामड्याचा पट्टा ही त्याच जोडीची भावंडे होत. दोन्हींकडे दगड झीज करतो आणि दुसरी वस्तू धारेला सरळ करते.

आता त्या खाचेकडे वळू, जिच्यामुळे मी आजोबांच्या वस्तऱ्याला तुटका समजलो. टोकाच्या वरच्या भागी, पाठीला लागून, जी लहान अर्धगोल खाच असते तिला इंग्रजीत न्हाव्याची खाच असेच नाव आहे. तिच्या उपयोगाविषयी जाणकारांत एकमत नाही. मिटलेला वस्तरा उघडताना बोटाचे टोक अडकवावयास ती सोयीची पडते, हे कारण सर्वाधिक पटण्यासारखे आहे. कारागिराचा एक हात साबणाने भरलेला असतो किंवा गिऱ्हाइकाच्या गालावर असतो, अशा वेळी दुसऱ्या हाताच्या बोटाने पाते उचलता येणे ही लहान सोय नव्हे. नाकपुडीच्या कडेला टोक अधिक जवळ नेता यावे म्हणून ती ठेवतात, असेही काही सांगतात. आणि काही वस्तऱ्यांवर ती निव्वळ शोभेसाठी कोरलेली असते, हेही खरे.

दुसऱ्या खाचा असतात त्या टोकाशी नव्हे, तर दांड्यावर. दांड्याच्या खालच्या अंगास, आणि कधी वरच्याही अंगास, कानशीने काढल्यासारखे बारीक आडवे दाते दिसतात. ओल्या, साबणाच्या बोटांतून दांडा निसटू नये म्हणून त्यांची योजना. काहींत दांड्याच्या खालच्या अंगास अंगठा बसेल असा खोलगट वळसा दिलेला असतो. म्हणजे पाहा, टोकाचा आकार पुढच्या माणसाच्या कातडीची काळजी घेतो, आणि दांड्यावरची खाच हाताची पकड सांभाळते. दोन्हींचा हेतू एकच: पाते जेथे जाऊ नये तेथे जाऊ नये.

टोक एकदा घडवले म्हणजे ते कायम तसेच राहते, अशी समजूत असेल तर तीही दुरुस्त केली पाहिजे. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही निसण्यावर टेकवून पाते सपाट चालवतात. त्यामुळे धारेचा कोन पाठीच्या जाडीवरून आपोआप ठरतो. निसणा बहुधा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असतो, म्हणून पाते पुढे नेता नेता तिरपे सरकवावे लागते, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सर्व धार दगडावरून जाते. हे सरकवणे अपुरे पडले तर टोकाशी धार लागतच नाही; दाब टोकावर अधिक पडला तर तेथील धातू आधी झिजतो आणि धारेची रेषा वाकडी होते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या वस्तऱ्यांत असे अर्धवट झिजलेले पाते वारंवार दिसते, आणि त्यावरून मागच्या मालकाचा हात कसा होता हे जाणता डोळा ओळखतो.

याहून एक मौजेची गोष्ट आहे. गोल टोकाच्या वस्तऱ्याला वर्षानुवर्षे धार लावली म्हणजे धार पाठीच्या दिशेने सरकत जाते. प्रारंभी टोकाचे वर्तुळ धारेत अलगद मिसळलेले असते. परंतु धार वर सरकली की ती त्या वर्तुळाला आता तिरपी छेदते, आणि जेथे कोपरा नव्हता तेथे कोपरा उत्पन्न होतो. पाते दिसावयास गोलच दिसते, म्हणून वापरणारा निर्धास्त असतो. आणि एके दिवशी कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब उभा राहतो. म्हणून जाणता कारागीर धार लावून झाल्यावर टोक बोटाने चाचपतो आणि कोपरा जाणवला तर निसण्यावर दोन-चार हलके फेरे देऊन तो पुन्हा मोडतो. फार घासावयाचे नाही. नुसता काटा जावा इतकेच. पाते खाली पडून टोक तुटले तरी असाच उपाय असतो. तुटका भाग घासून टोकाला गोल किंवा फ्रेंच वळण देतात. म्हणून जुन्या वस्तऱ्याचे आजचे टोक हेच त्याचे जन्माचे टोक असेल अशी खात्री देता येत नाही.

आपण म्हणाल, आता हे सारे सांगून काय उपयोग? निसण्यावर लावावयाचा वस्तरा आता किती दुकानांत उरला आहे? आक्षेप योग्य आहे. पॅरिसमधील झाँ-झाक पेरे या कारागिराने अठराव्या शतकातच सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन वस्तऱ्याच्या धारेला लाकडी आड घातली होती. पुढे अमेरिकेत किंग जिलेट याने टाकाऊ पात्याचे यंत्र १९०३ मध्ये विक्रीस आणले आणि १९०४ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. घरोघरचा वस्तरा पेटीत गेला तो तेव्हापासून. दुकानांतील वस्तरा मात्र बराच काळ टिकला. भारतात एचआयव्हीची लागण १९८६ मध्ये प्रथम आढळली आणि त्यानंतरच्या वर्षांत, एकाच धारेने अनेकांची दाढी करणे किती धोक्याचे आहे याचा प्रचार झाला. यकृताला ग्रासणाऱ्या बी आणि सी या काविळींचे विषाणूही रक्तावाटे पसरतात. त्यांतील बी काविळीचा विषाणू तर वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. दगडावर लावलेली धार कितीही उत्तम असो, ती दर गिऱ्हाइकामागे नवी होत नाही. म्हणून दुकानांतून अर्ध्या पात्याचा वस्तरा आला. दुधारी पाते मधोमध मोडावयाचे, अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवावयाचे आणि दाढी झाली की फेकून द्यावयाचे. हा बदल इष्टच झाला. त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही.

परंतु गंमत अशी की या नव्या वस्तऱ्याबरोबर जुना प्रश्नच परत आला. अर्धे पाते म्हणजे काय? तर अगदी पातळ, अगदी तीक्ष्ण आणि दोन्ही अंगांना नेमका काटकोन असलेले पाते. तो चौकोनी टोकाचाच वस्तरा झाला, आणि त्याचा कोपरा मोडून घेण्याची सोयही नाही, कारण पाते क्षणभराचे पाहुणे. काही वस्तऱ्यांत पाते बसवावयाचे घर असे केलेले असते की पात्याचे दोन्ही कोपरे धातूच्या आड जातात. काहींत ते उघडे राहतात. पहिल्याने खरचटण्याचा संभव कमी, दुसऱ्याने रेघ अधिक नेमकी. म्हणजे गोल टोक की चौकोनी टोक, हाच जुना निवाडा आजचा कारागीरही दररोज करतो, मग त्याला ती नावे ठाऊक असोत वा नसोत. टावर चौकातील त्या तरुणाच्या हातातील वस्तरा उघड्या कोपऱ्यांचा होता. वृद्ध कारागिरांनी त्याला तेथल्या तेथे दाखवले, की कानाजवळ जाताना टोक कातडीपासून केसभर उचलून धरावयाचे आणि धारेच्या मधल्या भागाने काम घ्यावयाचे. कोपरा मोडता येत नसेल तर तो हाताने मोडावा लागतो, असा त्याचा अर्थ.

आपल्यासारख्या गिऱ्हाइकानेही यातून दोन गोष्टी घ्याव्यात. खुर्चीत बसल्यावर पाते आपल्यासमोर नवे उघडले जात आहे ना, हे पाहावे आणि तसे नसेल तर विनासंकोच सांगावे. क्षिप्रेच्या रामघाटावर मुलाचे जावळ काढावयास बसताना तर हे अगत्याने पाहावे. तेथे डोके लहान, कातडी कोवळी आणि मूल स्थिर राहील याचा भरवसा नाही. दुसरी गोष्ट, टोक कानाजवळ किंवा नाकाखाली असताना बोलू नये, हसू नये, मान वळवू नये. कारागीर त्या क्षणी आपल्याला का गप्प करतो, हे आता ध्यानात येईल.

शेवटी एक आठवण सांगून हे भाषण संपवतो. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाजाच्या लोकांनी निश्चय केला, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाही. रूढी त्यांच्या बाजूची नव्हती आणि पोट त्याच धंद्यावर होते. तरीही त्यांनी हात मागे घेतला. गोल टोकाचा वस्तरा कातडीत शिरत नाही हे खरे. पण कोणाच्या मस्तकावर तो ठेवू नये, हे कोणत्याही शेफील्डच्या किंवा सोलिंगेनच्या घडणाऱ्याला टोकात घालता आले नसते. ते त्या मुंबईकर कारागिरांनी आपल्या हातात घातले. हत्याराची मर्यादा जितकी त्याच्या आकारात असते, त्याहून अधिक ती ते धरणाऱ्या माणसात असते.

आजोबांचा वस्तरा मी पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. त्याने आता कोणाची दाढी होणार नाही. पण फडके सोडले की त्या घासलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरते, आणि दररोज सकाळी आरशासमोर बसणाऱ्या एका माणसाने स्वतःच्या हाताच्या चुकीची आगाऊ घेतलेली ती काळजी जाणवते.